खालून कडेकोट

४ मे २०२५. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. विषय एकच: पद्मिनी. १९७८चं मॉडेल, सासऱ्यांची गाडी. त्यांनी, म्हणजे तुळशीदासमामांनी, ती पोशेऱ्याहून जव्हारला माझ्या दारात आणू दिली, पण अट घालून. दसऱ्याला ते याच गाडीत बसून लेकीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, प्रतिभाकडे येणार. न्यायला मी जायचं. आणलं, तर गाडी माझी. नाही, तर हेमंतची. हेमंत म्हणजे मेहुणा. त्याने आत्ताच भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. असल्या माणसाच्या हाती पद्मिनी पडू देणार नाही.
इंजिन ठीक. रंग नवा दिला. राहिला फक्त खालचा गंज. चार दिवसांचं काम.

११ मे.
मोखाड्याहून तुका मेकॅनिक आला. गाडीखाली झोपून बराच वेळ टकटक केलं. म्हणाला, पयलं गंज खरवडा, मंग प्रायमर, मंग काळं कोटिंग. खरवडायलाच आठवडा जाईल म्हणे. मी नऊ व्हिडिओ पाहिलेत. तुकाने एकही नाही. जाड कोटिंग दिलं की गंज हवेवाचून आपोआप मरतो. साधं विज्ञान आहे.

१८ मे.
कोटिंगचा पहिला हात. अर्धं गाडीला, अर्धं मला. प्रतिभाने खोबरेल चोळून माझे कोपर सोडवले. उद्या ऑफिसला पूर्ण बाह्यांचा शर्ट.

२५ मे. दुपार.
दुसरा हात. फरशीच्या पत्र्यात सात भोकं सापडली, गोल, मुद्दाम पाडलेली. फोनवर तुका म्हणाला, आत शिरलेलं पाणी निघून जायला असतात, बुजवू नका. पाणी आत येऊच दिलं नाही, तर निघेल कशाला? सातही बुजवली.

१ जून.
प्रतिभाने मोखाड्याच्या बाजारातून पावसाळ्याची बेगमी आणली. सुकट, बोंबील आणि दोन गोणी खारे मासे. स्वयंपाकघर यंदा गळतंय. मग घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती? ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी गोणी अगदी मापात बसल्या. वास येईल, असं प्रतिभा म्हणाली. मी म्हटलं, वास जातो, गंज जात नाही. वाक्य बरं जमलं, म्हणून लिहून ठेवतो.

१३ जुलै.
तीन आठवडे संततधार. रोज टॉर्च घेऊन गाडीखाली तपासणी. खडखडीत. प्रतिभाची तक्रार: गोणींना पाणी सुटलंय, रबरी चटईखाली पचपच होतंय. मिठाला पावसाळ्यात पाणी सुटायचंच. तिला म्हटलं, वर काय बघतेस, खाली बघ. ती गाडीखाली झोपायला तयार नाही. या घरात गाडीची आवड फक्त मला.

१० ऑगस्ट.
तिसरा हात. कुणी सांगितला नव्हता. स्वतःहून.

१४ सप्टेंबर.
मासे संपले. प्रतिभा म्हणाली, चटई उचलून फरशी पुसून घेऊ. साफ नकार दिला. तीन महिने पाणी लांब ठेवलं, आता ओलं फडकं लावू? जुन्या चटईवर नवी चटई घातली. अगरबत्ती लावली.

१ ऑक्टोबर.
हेमंतचा फोन. दाजी, उद्या माझी जीप तयार ठेवू का? खवचट माणूस.

२ ऑक्टोबर. दसरा.
गाडीला हार घालून निघालो. पोशेऱ्यापर्यंत गाडी झकास गेली, हे आधी नोंदवतो.
मामा इस्त्रीचा सदरा घालून अंगणात उभे होते. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, उपरण्याने डोळे टिपले. मग माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि पाय टेकवले. कर्रकन आवाज झाला. पत्रा पापडासारखा मोडला. शाबूत राहिलं ते माझं कोटिंग. तीन हातांचं, काळंभोर, पिशवीसारखं जमिनीपर्यंत लोंबलेलं, आणि त्यात दोन्ही चटयांसकट मामांचे पाय.
हेमंतने त्यांना अलगद बाहेर काढलं. लागलं नव्हतं. हेमंत हसलाही नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
मामांनी पत्र्यावरून बोट फिरवून जिभेला लावलं. विचारलं, पाव्हणं, आत काय ठेवलं होतं? मी सांगितलं.  म्हणाले, गाडी नदीतून आली का मी फडक्यानं फरशी पुसायचो, दुसरा काय नाय केला कधी.
मान वर करवेना.
जव्हारला सगळे हेमंतच्या जीपमधून आलो. मामा पुढे, मी मागे. वाटेत हेमंतने हळूच भंगारवाल्याचा विषय काढला. मामा म्हणाले, भंगारात नको देऊ, कोंबड्या ठेव हिच्यात. खालनं पाणी येणार नाय.
कोटिंगबद्दल कुणीतरी चांगलं बोललं, हे पहिल्यांदाच.