मेथीचे चाळीस दाणे

५ नोव्हेंबर १९५६, सोमवार

खाटेवर पुस्तक! शिफ्ट संपवून पिंपरीहून चालत रहाटणीला आलो, तर माझ्या उशीजवळ ठेवलेलं. पातळसं, पुठ्ठा फाटका, चार पानं सुटी. नाव – घरामागची भाजी. वर वाचनालयाचा शिक्का. म्हणजे ते चालवणारे रंगराव मास्तरच ठेवून गेले असणार. कालच रविवारच्या वर्गात म्हणाले होते, ‘सयाजी, नुसती अक्षरं किती दिवस गिरवणार? वाचलेलं हातानं करून बघ.’

अक्षरं हरभऱ्याएवढी. पानोपानी चित्र. पहिल्याच पानावर लिहिलंय – ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चित्रे पाहावीत, ज्यांना दिसत नाही त्यांना घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवावे. एवढं वाक्य लावेपर्यंत चहा गार झाला. पण लागलं!

मी येवल्याच्या विणकराचा पोरगा. तिसरीतून उठून मागावर बसलो. मागावरून उठून चार गावं फिरलो, कुठं वर्षभर टिकलो नाही. बी म्हणून कधी हातात धरलेलं नाही.

६ नोव्हेंबर

घरमालकीण शालनकाकींना पुस्तक दाखवलं. म्हणाल्या, ‘मागं जागा पडूनच हाय. कर काय करायचं त्ये. पर वाच मोठ्यानं. मला बी ऐकू यिऊ दे.’

आबा तिथंच होते. आबा म्हणजे काकींचे मालक, सोनबा. त्यांचं रान तीन वर्षांखाली पिंपरीच्या औषध कारखान्यात गेलं. मी बाटल्या धुतो तिथं त्यांचा हरभरा असायचा म्हणे. तेव्हापासून खुरप्याला हात लावला नाही. मागल्या दारी खाट टाकून बसतात, पण मातीकडे पाठ करून. भाकरी अर्धी सोडतात. काकी हळूच म्हणाल्या, ‘घरात मानूस हाय, पर नसल्यावानी.’

७ नोव्हेंबर

पुस्तकाची सुटी पानं चिकटवली. घरी सुताला लावतो तशी पिठाची दाट खळ शिजवली आणि सढळ हातानं लावली. पुस्तक कसं ताठ झालंय! या कामात आपल्याला कोणी शिकवू नये.

९ नोव्हेंबर

काल मेथीचा धडा मोठ्यानं वाचला. बी रात्रभर भिजवावे. वाफा भुसभुशीत करून शेणखत मिसळावे. पान उलटलं, चित्रात काठीला बांधलेलं रोप – मध्ये एक हात अंतर ठेवून लावावे, काठीचा आधार द्यावा.

आज पेरणी! मागावर ताणा धरतो तसं सूत ताणून रेषा मारल्या. एकेक हातावर एकेक दाणा. चाळीस दाण्यांत सगळी जागा भरली. काकी दारात, तोंडाला पदर.

‘हसताय का काकी?’

‘न्हाई बाबा. शिंक आली.’

११ नोव्हेंबर

इचलकरंजीहून मामाचं पत्र. यंत्रमागावर जागा आहे, लगेच ये. माझी पिशवी तशी खुंटीवर भरलेलीच असते. बघू.

१५ नोव्हेंबर

सदतीस उगवले!! प्रत्येकाशेजारी तुरीची काडी रोवली. आबांना हाक मारली. पाठ हलली नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस!

काकी म्हणाल्या, ‘फुडचं वाच की. काढायची कवा त्ये.’ मी अक्षर लावत वाचलं – फळ चकचकीत जांभळे झाले की देठासह कापावे.

खाट करकरली.

‘काय म्हनलास?’

आबा! मी परत वाचलं.

‘मेथीला फळ? आन् जांभळं?’

‘पुस्तकात आहे आबा.’

‘तुला आन् त्या पुस्तकाला एका दावणीला बांधाय पायजे!’ असं म्हणत उठले. वळले. काड्यांकडे बघत राहिले. मग हसू फुटलं – खोकला लागेपर्यंत. ‘अगं शालन, ही मेथी हाय का पलटन? ज्याच्यात्याच्या बाजूला काठी!’

मी काकींकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. डोळे पुसत होत्या.

पुस्तक उजेडात धरलं. माझ्याच खळीनं दोन पानं एकमेकांना चिकटलेली! निम्मी मेथी, निम्मी वांगी. ओल्या बोटानं सोडवली. लाज वाटली, पण हसूही आवरेना.

दुपारी आबांनी नवा वाफा करून घेतला. स्वतः खाटेवरच, पण तोंड आता इकडे. ‘फोकून टाक रं. मूठ आवळतोस कशाला, बी काय पळून चाललंय? मनगट सैल सोड.’ माझं मनगट मागावर धोटा फेकणारं, एका रेषेत जातं. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा शिवी. पाचव्यांदा खाली उतरले, माझ्या हातातलं बी घेतलं आणि एक मूठ फेकली. कसं सारखं पसरलं! मग बोटांनी माती ओढली वरून.

‘घे. आता तू.’ परत खाटेवर. पण हात बराच वेळ धुतले नाहीत.

२५ नोव्हेंबर

आबांनी विचारलं, ‘खुरपं कुटं हाय गं?’ काकींनी लगेच पुढं केलं. जणू तीन वर्षं हातातच धरून उभ्या होत्या.

२ डिसेंबर

मामाला उत्तर लिहिलं नाही. वांग्याचा धडा चालू. आबा म्हणतात, ‘पुस्तकवाला शाना हाय, पर पानी लई सांगतोय.’ त्यांना अक्षर येत नाही, पण कुठलं चित्र कुठल्या पानावर ते पाठ झालंय.

१५ डिसेंबर

मेथीची भाजी. आबांनीच उपटली, आबांनीच निवडली. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागितली! काकींनी तवा परत चुलीवर ठेवला.

खुंटीवरची पिशवी रिकामी केली. उद्या मास्तरांना मेथी न्यायची.

१६ डिसेंबर, रविवार

जुडी दिली, म्हटलं, मास्तर, पुस्तक ठेवून गेलात म्हणून. मास्तर म्हणाले, ‘मी कुठं ठेवलं? शालनबाई घेऊन गेल्या. मी विचारलंसुद्धा – तुम्हाला वाचता येत नाही, सोनबा हात लावायचे नाहीत, मग कशाला? तर म्हणाल्या, आमच्याकडं एक चुकत चुकत वाचनारा हाय. त्येनं चुकलेलं आमच्या मालकास्नी सोसायचं न्हाई.’