आईच्या फोटोपुढची गळकी फुलदाणी

झूटरमेर,
मंगळवार

प्रिय नीलामावशी,

राखीचा जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत, काकांची शुगर कशी आहे, नागपुरात उकडतंय का, हे सगळं आधी विचारायचं असतं म्हणून विचारलं. आम्ही इथे ठीक आहोत. (ठीक म्हणजे पप्पा जेवतात आणि मी भांडी घासते.)

फोनवर माझी ततपप होते हे तुला माहितीये, म्हणून लिहितेय. शाळा सोडल्यामुळे वेळ आहेच. मला अठरा पूर्ण झाली तशी शाळेवाल्यांची पत्रंही थांबली. आता पोस्टमन आमच्याकडे फक्त आईच्या नावाची पत्रं टाकतो. दातांच्या डॉक्टरने तर तिला परत कळवलंय, तुम्ही तपासणीला आला नाहीत, असं चालणार नाही.

तर फुलदाणीचं सांगते. आई गेल्यावर तिच्या ऑफिसमधली कुमिको भेटायला आली आणि ही फुलदाणी ठेवून गेली. जपानमध्ये हागी नावाचं गाव आहे, तिथली. कुमिकोच्या मामाने हाताने केलेली. रंग दुधावरच्या सायीसारखा, मधेमधे गुलाबी, आणि अंगभर केसाएवढ्या बारीक भेगा. जरा वाकडीच आहे, आणि बुडाला मुद्दाम एक खाच कापलीये. (पप्पा म्हणाले, डिफेक्टिव्ह पीस दिला वाटतं. कुमिको म्हणाली, हागीच्या भांड्यांना अशी खाच असते. पप्पा सॉफ्टवेअर टेस्टर आहेत, त्यांना ते पटलं नाही.) आम्ही ती आईच्या फोटोपुढे ठेवली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी, आणि सुपरमार्केटमधली पांढरी फुलं घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पाणी.

पप्पांनी ती टेस्ट केली. सिंकमध्ये, टिश्यू पेपरवर, फुलं घालून, फुलं काढून. तासभर बघत बसले, थेंब नाही. पास. सकाळी परत पाणी. त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या मंजूषाकाकू थालीपीठं घेऊन आल्या (पुण्याच्या आहेत, चांगल्या आहेत, फक्त हळू बोलतात आणि भलतंच बोलतात). त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "वहिनींचं काहीतरी राहिलंय हो." पप्पांनी त्यांना थालीपीठं गार होईपर्यंत ऐकवलं. आम्ही आत्माबित्मा मानत नाही, ही माती, हे पाणी, यात सायन्स आहे. काकू सॉरी म्हणून गेल्या. दार लागलं आणि पप्पा मला म्हणाले, "राखी, आई काही बोलली होती का गं? राहिलंय म्हणून?"

मावशी, तोपर्यंत पप्पा सिक लीव्हवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर नुसतं हो हो म्हणायचे. म्हणून मी सुचेल ते बोलले. म्हटलं, बाथरूमचा नळ. (आई वर्षभर सांगत होती.) पप्पा उठले, दाढी केली, दुकानातून वॉशर आणला आणि नळ दुरुस्त केला. फोटोला सांगितलं, "नळ झाला हं, निशी." सकाळी पाणी होतंच. मग आईच्या सायकलचा दिवा झाला. ती सायकल आता कोण चालवणार हे मी विचारलं नाही. मग पडद्यांना टीप घातली, लायब्ररीची पुस्तकं परत केली. लायब्ररीतल्या बाईने विचारलं, आवडली का तिला? पप्पा म्हणाले, अर्ध्यापर्यंत आवडली. रोज सकाळी फडकं घेऊन येतात, टेबल पुसतात आणि माझ्याकडे बघतात. पुढचं काय?

माझं सुचणं संपलं. पण शनिवारी ते स्वतःच म्हणाले, आता नीलाच राहिली.

तू तेव्हा म्हणालीस, माझ्या बहिणीला परक्या देशात जाळलं, तोंडसुद्धा दाखवलं नाही. पप्पा गप्प बसले म्हणून तुला वाटलं, खरंच त्यांना पडलेली नाही. आईनेच सांगितलं होतं गं. मी खोलीत होते. म्हणाली, मला विमानात सामानाबरोबर टाकून नेऊ नका, तिथे थंडी असते, आणि नीलाने मला असं बघायला नको. आणि हे तिला सांगायचं नाही, ती रडेल. पप्पांनी नाही सांगितलं. मी सांगितलं.

काकांना आणि घरातल्या सगळ्यांना जय भीम. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
समोर आल्यावर एवढं कधीच न बोलणारी
राखी

ता. क. : पप्पांचा नंबर ब्लॉक केलायस तो काढ. ते तीन दिवस लावून बघतायत आणि मला सांगतात, नागपूरचं नेटवर्क खराब आहे.

आणखी एक ता. क. : हे कुणाला सांगू नकोस. फुलदाणी आता गळत नाही. सायकलचा दिवा लावून झाला त्याच सुमारास कुमिको परत आली होती, पप्पा बाहेर होते. ती म्हणाली, हागीची माती ढिली असते, नवीन भांडं गळतंच, तांदळाची पेज भरून ठेवायची, म्हणजे बारीक भोकं बुजतात. मी पेज केली, भरून ठेवली, मग फुलदाणी धुतली. गळणं थांबलं. सकाळी पप्पा फडकं घेऊन आले तर टेबल कोरडं. त्यांनी हात फिरवून बघितला. मग फडकं तिथेच ठेवून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, ते दिवसभर उठले नाहीत. तेव्हापासून ते उठायच्या आधी मीच टेबलावर चमच्याने पाणी ओतते. तू त्यांच्याशी बोल, म्हणजे मला थांबता येईल.