उडी न मारलेला भाऊ

प्रिय पंकजा,

तुझे फोन उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. बोलायचं त्राण नव्हतं, आणि जे सांगायचंय ते फोनवर जमलंही नसतं. आमच्या रासायनिक अभियंत्यांच्या मंडळाने यंदा नगर शाखेला उत्कृष्ट शाखेचा मान दिलाय. शाखा म्हणजे कोण, तर पाचसहा पिकल्या केसांची माणसं आणि केडगावातल्या एका क्लासची उसनी खोली. स्मरणिकेत शाखेच्या कर्तृत्वावर लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. कधीचा कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलोय.

लिहिण्यासारखं एकच आहे. आबासाहेब दाजी गेले त्या वर्षापासून आम्ही साखर कारखान्यांत हंगाम संपला, की टाक्या धुवायला निघण्याआधी कामगारांकडून सराव करून घेतो. तळाच्या गाळातून विषारी वायू सुटतो आणि उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून कमरेला पट्टा आणि दोर बांधूनच उतरायचं, आणि कुणी पडला तर वरून ओढायचं, मागोमाग उडी मारायची नाही. सरावात बेशुद्ध पडायला मात्र कुणी तयार होत नाही. "जित्यापनी मेल्याचं सोंग नगं सायेब," म्हणतात. मग इतकी वर्षं मीच पडतो. ते मला ओढून काढतात, माझ्या वजनावरून हसतात आणि चहा पाजतात. आता पाठ साथ देत नाही. तू ओरडशील म्हणून पट्ट्याचे वळ तुला कधी दाखवले नाहीत.

गेल्या महिन्यात शेवगावकडे एका कारखान्यात खरंच तसं घडलं. हवा तपासलेली होती, पण गाळ ढवळताच वायू उसळला आणि आत उतरलेला ओंकार कोसळला. वर दोर धरून त्याचा थोरला भाऊ सहादेव उभा होता. तो उतरला नाही. बाकीचे उडी घ्यायला निघाले, त्यांनाही त्याने शिव्या घालून दोराला लावलं. ओंकार वाचला, आता घरी हिंडतोफिरतोय. मंडळात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि समारंभात सहादेवला शाल द्यायचं ठरलं.

निमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची आई साळूबाई सहादेवशी बोलत नाही. त्याच्यापुढे ताट सरकवते आणि आत निघून जाते. ओंकारने समजावून पाहिलं, मीही वायूचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमीच शिकिवलं व्हय त्याला, पाठचा भाऊ तडफडत असताना हुबा राहायला?" मी हो म्हणालो. निमंत्रण ठेवलं आणि उठलो. सहादेव गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "शाल नगं सायेब. लई बोलत्यात लोकं." थकलो गं मी. इतकी वर्षं माणसांना माया आवरायला शिकवली, ती बरोबर की चूक, हेच कळेनासं झालंय.

आबासाहेबांनी धाकट्या भावामागे टाकीत उडी मारली. गावाने दोघांचे फलक लावले, भाषणं केली, आणि तू भंडारदऱ्याच्या शाळेत बदली मागून निघून गेलीस. त्या विषयावर मी तुझ्यापुढे कधी तोंड उघडलं नाही, आजही जड जातंय. पण तेराव्याला तू मला विचारलं होतंस, काठावर इतकी माणसं होती, मग यांना कुणीच कसं धरून ठेवलं नाही? पंकजा, तू शेवगावला येशील का? मी साहेब माणूस, माझं साळूबाईला पटणार नाही. तू तिच्याशेजारी बस. तुझ्या सासूबाईंचे दोन्ही मुलगे एकाच दिवशी गेले, त्यानंतर ते घर कसं झालं ते तिला सांग. तिचे दोघेही अजून घरी जेवायला येतात, आणि हे तिला दुसरं कुणी सांगू शकत नाही.

वाट पाहणारा,
तुझाच दादा