धोका कोणापासून

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून रोज डायरी लिहायची. जबाबदार माणसं लिहितात. गावच्या सेवा सोसायटीचा व्हाइस चेअरमन झाल्यापासून आपल्या जिवाला धोका वाढला आहे, म्हणून रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढायचं ठरवलं. पुरावा : पुसेगाव स्टँडवरच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर फक्त आपला चेहरा फाडलेला. बाकी अकरा जण शाबूत. बायकोला सांगितलं. केशरबाई म्हणाली, शेळीनं खाल्ला असंल. मी म्हणालो, शेळी माणूस निवडून खाते का? ती म्हणाली, तुमचाच फोटो सगळ्यात खाली व्हता.

तिला राजकारण कळत नाही.

९ जानेवारी

अर्ज दिला. 'धोका कोणापासून' या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. 'गुन्हे दाखल आहेत का' याला 'नाही'. ठसठशीत अक्षरात. कमरेला लावायचं कातडी कव्हर नांदेडहून आणलं. तोवर त्यात चष्मा.

१० ते २० जानेवारी

कामात होतो.

२१ जानेवारी, दुपारी १

पडताळणीसाठी ठाण्यात बोलावलं. जॅकेट घालून गेलो. रतनसिंग जमादारांनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. प्रेमदास धनसिंग आडे. दोन गुन्हे. एक, २००८, जुगार. दुसरा, २०११, लग्नात बँडवाल्याला मारहाण. कोर्ट उठेपर्यंत शिक्षा झालेली.

मी शांतपणे म्हणालो, मशीन चुकली आहे. जमादार म्हणाले, नाव बराबर, बापाचं नाव बराबर, पण पत्ता वारंगा फाट्याचा हाय. तुमी तिकडचे का? मी छाती पुढं काढून म्हणालो, मी पुसेगावचा. ते म्हणाले, मग ह्यो दुसरा असंल. त्याच्याकडून लिहून आणा, दोन्ही गुन्हे त्याचे म्हणून. फाईल पुढं सरकवतो.

सोपं काम आहे.

२१ जानेवारी, संध्याकाळ

बँडवाल्याचं जरा आठवलं. २०११ ला आपल्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या एका लग्नात सांगितलेलं गाणं वाजवलं नाही म्हणून एकाला त्याच्याच पिपाणीनं मी मारलं होतं. मारलं म्हणजे पिपाणी लागली. पोलिसांनी पत्ता विचारला तेव्हा घाईत तोंडातून वारंगा फाटा निघालं असावं. पुढं समन्स कधीच आलं नाही. यावरून केसमध्ये दम नव्हता हे उघड आहे.

शिक्षा झालेला माणूस मी नाही. म्हणजे गुन्हाही माझा नाही. कायदा असाच चालतो.

२४ जानेवारी

वारंगा फाट्याला जाऊन आलो. दुसरा प्रेमदास सापडला. पंक्चरचं दुकान. बारीक माणूस, माझ्याच वयाचा. माझं नाव सांगितलं तर हातातली ट्यूब खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

म्हणाला, "जुगार माझा हाय. दिवाळीत पत्ते खेळून राहिलो होतो, धरलं. त्यो लिहून देतो. पण बँडवाला माझा न्हाई. मी गोरेगाव बघितलंबी न्हाई."

मी विचारलं, मग शिक्षा काहून घेतली?

म्हणाला, "समन्स माझ्या दारात आलं. तीन वर्षं तारखा केल्या. बँडवाला एकदाबी आला न्हाई, आला असता तर ह्यो त्यो नव्हं म्हणला असता. शेवटी वकील म्हणला, कबूल करून टाका, दिवसभर कोर्टात बसा अन् सुटा. बसलो. पुढं सरकारी ड्रायव्हरच्या यादीत चौथं नाव लागलं. चारित्र्याच्या दाखल्यात ही केस निघाली, नाव गेलं."

मी म्हणालो, बरं झालं, स्वतःचा धंदा कधीही चांगला. त्यानं चहा मागवला.

मग म्हणाला, "बँडवाला तुमचा हाय ना?"

मी मोबाईल बघितला.

"नोकरीचं वय गेलं. पण माझी सपना बारावीला हाय. तिला कुणीतरी शाळेत बोललं, तुझा बाप मारामारीत आत व्हता. घरी येऊन इचारती, बाबा, खरंच मारलं का तुमी? मी न्हाई म्हणलो, तर बोलली, मग कबूल काहून केलं? तुमी दोन ओळी लिहून द्या, मी मारलं म्हणून. कोर्टात न्हाई नेत. तिला दाखवतो."

मी म्हणालो, वकिलाला विचारून कळवतो. पण माणूस सरळ वाटला. जुगाराचं लिहून दिलं, सहीपण केली.

२८ जानेवारी

वकिलाला विचारायला वेळ नाही मिळाला. तुरीचं माप सुरू आहे.

३१ जानेवारी

दोन ओळी द्यायला हरकत नाही. पण कागद तो कागद. उद्या जमादारांच्या हाती पडला तर लायसन्स गेलं. शिवाय पोरगी दहा वर्षांत विसरेल. पोरी विसरतात. केशरबाईला यातलं काही सांगितलं नाही, तिचं बीपी आहे.

२ फेब्रुवारी

त्याचा फोन. उचलला नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ११

त्याचे पाच मिस्ड कॉल. आणि एकदम प्रकाश पडला. या माणसाची नोकरी माझ्यामुळं गेली, असं तो समजतो. म्हणजे त्याच्या मनात सूड असणारच. अर्जाची हीच बाजू लंगडी होती, आता भक्कम झाली. हाती आता नाव-गाव असलेला दुश्मन आहे.

पुरवणी अर्ज दिला. धोका कोणापासून : प्रेमदास धनसिंग आडे, राहणार वारंगा फाटा. क्लार्कनं दोनदा वाचून माझ्याकडं बघितलं. धाक बसला असावा.

२६ फेब्रुवारी

निकाल नाही. मोठ्या फाईलला वेळ लागतो. गोळ्या किती मिळतात ते विचारून ठेवायचं.

१२ मार्च, दुपारी ३

दुपारी दारात मोटारसायकल थांबली. वारंगा फाट्याचे प्रेमदास. मी आतल्या खोलीत गेलो. केशरबाईनं बसायला सांगितलं, पाणी दिलं, मग मला हाक मारली. दोनदा.

ते म्हणाले, तुमचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं, म्हणून घेऊन आलो. लिफाफा फोडलेला होता. केशरबाईनं मोठ्यानं वाचला. अर्जदार प्रेमदास धनसिंग आडे यांनी आपल्या जिवास प्रेमदास धनसिंग आडे यांच्यापासून धोका असल्याचे लेखी नमूद केले आहे. सबब अर्जदाराच्या हाती शस्त्र देणे अर्जदाराच्याच हिताचे नाही. अर्ज नामंजूर.

मी म्हणालो, यावर अपील करता येतं. कुणी ऐकलं नाही. केशरबाई त्यांना विचारत होती आणि ते सांगत होते. बँडवाला, तारखा, चौथं नाव, सपना. त्यांनी आवाज एकदाही चढवला नाही. तिनं कोरा कागद आणला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, लिव्हा. मी म्हणालो, मजकूर नीट तयार करायला हवा. ती म्हणाली, पिपाणीपासून लिव्हा.

लिहिलं. सही केली. गाव पुसेगाव असं घातलं.

त्यांनी कागद वाचला, घडी करून शर्टच्या आतल्या खिशात ठेवला. निघताना दारात थांबून विचारलं, "आडे साहेब, खरंच भीती वाटली का तुमाला माझी?"

मी म्हणालो, न्हाई.

"व्हय," ते म्हणाले. "मला कुणी भ्यालं, यावर घरीबी कुणी इश्वास ठेवला न्हाई."