काळ्या दोऱ्यातलं खवलं

देवलापार,
१२ नोव्हेंबर १९७३

प्रिय शोभाताई,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले, पण मी इथे असलो तर ना! रोपवाटिकेतून सुट्टी न घेताच मनसरच्या खाणी पाहायला गेलो होतो. परत आलो तर पाकीट चहावाल्याच्या साखरेच्या डब्याखाली. मुलगी झाली, तू बरी आहेस, एवढं वाचलं आणि बाकड्यावर बसूनच राहिलो. चहा थंड झाला. पहिल्या खेपेला जे झालं, त्यानंतर या वेळी माझाही जीव टांगणीला होता. गिऱ्याला कशाची फिकीर नाही म्हणणाऱ्यांना हे सांगू नकोस, विश्वास बसणार नाही त्यांचा.

मग पुढचं वाचलं. ही सगळी मी पाठवलेल्या, खवल्या मांजराच्या खवल्याची करणी, आता तुझ्या नणंदेला, गोपिकेलाही सातवा लागला, तिच्यासाठी तसंच एक पाठव, नाही तर भाऊजी स्वतः नत्थूजींकडे येऊन खवल्या मांजर धरतील. ताई, भाऊजींना मौद्यातच थांबव. आधी हे ऐक.

श्रावणात बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून खवलं पाठव, असा तुझा निरोप आला तेव्हा मी नत्थूजींना गाठलं. ते इथले राखणदार, जंगल त्यांना घरच्या अंगणासारखं. त्यांनी बीळ दाखवलं. तोंड आतून ताज्या मातीनं बुजवलेलं. म्हणाले, "घरीच हाय. दार लावून झोपून राहिली." मी बाजूच्या फोडलेल्या वारुळाकडेच पाहत बसलो. या प्राण्याला एकही दात नाही, ठाऊक आहे तुला? हातभर चिकट जीभ आत सोडायची आणि वाळवी ओढायची, बस. मी म्हटलं, दात नाही तर स्वतःला वाचवतो कसा? ते म्हणाले, "पाहशील गा, घाई काहून करतं?"

दिवस मावळताना माती हलली. लांबोडकं नाक, मग खवल्यांनी मढलेली मोठी मादी. पुढची नखं आत मुडपून चालत होती, आपल्या काकू हातात पीठ लागलं की चालतात तशी. आणि शेपटीवर पिल्लू, पोटावर पालथं पडून चिकटलेलं! माझा पाय काटकीवर पडला. तिनं पिल्लाला पोटाखाली ओढलं आणि त्याच्याभोवती गोळा झाली. पळाली नाही. मी दोन्ही हातांनी उकलून पाहिलं, ताई. नाही उकलली. आत श्वास चाललेला हाताला कळत होता.

नत्थूजींनी पोतं पुढे केलं. जिवंतपणी खवलं निघत नाही, उकळतं पाणी लागतं, हे तेव्हा सांगितलं त्यांनी. मी पोतं घेतलं, घडी केली आणि त्यावर बसलो. "मंग बहिणीले काय, माती धाडतं?" ते चिडले, पण हसलेही. आम्ही मागे सरकलो. बऱ्याच वेळानं गोळा सुटला, आणि ती पिल्लू घेऊन झुडपात गेली.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. रिकाम्या हातानं तुला कळवायची हिंमत नव्हती, आणि तुझी भीतीही बघवत नव्हती. पोळा जवळ आला होता, नत्थूजी बैलाची शिंगं तासत होते. खाली पडलेली एक चकती मी उचलली, दगडावर घासली, तेल लावून धुरावर धरली. दोन-अडीच महिने काळ्या दोऱ्यात तुझ्या गळ्यात होतं ते हेच. बाळ सुखरूप आणलंस ते तू, ताई. भीती गिळून, रोज खाऊनपिऊन, तूच. खोटं बोललो, रागव मला, बारशाला येईन तेव्हा कान धर. पण काल मुद्दाम बिळाकडे जाऊन आलो. तोंड आतून बुजलेलं होतं. त्या दोघी घरी आहेत, तुम्ही दोघी घरी आहात. मला कालपासून नुसती भूक लागते आहे. गोपिकेला खरं सांग. तरीही दोरा बांधायचाच असेल, तर भाऊजींना यायची गरज नाही. बैल इथेच आहे, आणि शिंगं पुन्हा वाढली आहेत.

कान पुढे करून उभा,
तुझाच
गिऱ्या