पूर्व काठाचे चांदवे

रविवार, १८ जानेवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही बरे आहोत. थंडी मी म्हणतेय, गिझर पुन्हा बिघडलाय आणि बाबा प्लंबरचा राग माझ्यावर काढताहेत.

आज पक्षीगणना होती. हो, तीच, जिच्यापायी बाबा तुझ्या लग्नाला उशिरा आले, तेही चिखलाच्या बुटांनिशी. ते तू विसरावंस असं मी म्हणत नाही.

तळ्याचा पूर्व काठ पहिल्यापासून बाबांचा. दोघांना दिसला तरच पक्षी वहीत मांडायचा, असा नियम. यंदा जोडीदार मी. "हिला बदक आणि कोंबडी यातला फरक कळतो, एवढं पुरे," असं ते सगळ्यांना सांगत होते.

दुर्बीण लावून म्हणाले, "चांदवे. पाण्यावर काळे दिसताहेत ना, ते. साठेक असतील, मांड."

मी पाहिलं. कोळ्यांच्या जाळ्याला बांधलेले काळे प्लास्टिकचे डबे तरंगत होते. पक्षी एकही नव्हता. आमच्याबरोबरच्या बँकवाल्या काकूंनी मान दुसरीकडे वळवली. त्यांना आधीच कळलं असावं.

"मांडलेस?"

हो म्हणून टाकावं, असं फार वाटलं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण या माणसाने न दिसलेलं पाखरू जन्मात कधी मांडलेलं नाही.

"बाबा, ते डबे आहेत."

त्यांनी पुन्हा एकदा दुर्बीण डोळ्यांना लावली. मग दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली आणि काकूंना म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून हा काठ तुम्ही सांभाळा." आवाज अगदी साधा होता. मलाच रडू आवरेना.

दादा, त्यांची नजर जातेय. डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं, यावर इलाज नाही. तुला कळवायचं नाही, अशी बाबांनी मला शपथ घातली होती. ती आज मोडली.

परतताना रिक्षात एकदम तुझ्याबद्दल म्हणाले, "तो आता जाडबिड झालाय का गं?"

मी म्हटलं, फोटो दाखवते.

"फोटोत काही दिसत नाही मला."

राग असेल तर रागावूनच ये, पण लवकर ये. आलास की खिडकीपाशी, उजेडात बस. त्यांच्या अगदी समोर नको. समोरचं पुसट झालंय, कडेचं अजून दिसतं. जरा बाजूला बसलास, तर तू त्यांना दिसशील.

वाट पाहते.

तुझी,
धाकटी