आमेन मंडळीनं म्हणायचं

बाई, काल रविवारी देवळात मी एकटीच होते. दसऱ्यानंतर आपली सगळी मंडळी ऊसतोडीला गेली. मागे राहिलेली एक म्हातारी माझ्यासोबत येऊन बसायची, तिलाही मागच्या आठवड्यात तिच्या लेकीनं अंबाजोगाईला नेलं. तरी मी झाडलं, सतरंजी अंथरली, घंटा वाजवली. घंटा कुणासाठी वाजवली ते विचारू नका. रस्त्यानं शेळ्या घेऊन चाललेल्या बाप्यानं तेवढी मान वर केली. मग मी गीत म्हटलं, शास्त्र वाचलं, डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली, आणि प्रार्थना संपली तशी गप्प बसून राहिले. कारण पुढचं माझं नव्हतं. शेवटचं आमेन मंडळीनं म्हणायचं हे तुम्हीच लावून दिलेलं, आणि मंडळी कुणी साताऱ्याकडं, तर कुणी थेट कर्नाटकात.

तुम्ही मला घरात घेतलंत तेही अशाच हंगामात. आई-बाबा बैलगाडीत संसार घालून ऊसतोडीच्या कोयत्यावर निघाले होते, मी पाचवीत होते, आणि शाळा बुडू नये म्हणून आईनं मला तुमच्या दारात आणून उभं केलं. तुम्ही मंडळीच्या बायबलबाई. घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, रविवारची शाळा घ्यायची, हे तुमचं काम. नवरा नाही, पोर नाही, बोलणं मात्र सासूसारखं. "रडायचं आसंल तर पीठ मळत रड," हे तुमचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी मळलं आणि रडले. भाकरी वातड झाली होती, तरी तुम्ही खाल्लीत. मी ख्रिस्ती होते ती आई-बाप ख्रिस्ती म्हणून. विश्वास बिश्वास काही नव्हता. तो तुमच्याकडं कामं करता करता लागला. शनिवारी देऊळ सारवायचं, रविवारी दारोदार जाऊन लोकांना बोलवायचं, कुणी आलं नाही तर का आलं नाही ते बघून यायचं. तेव्हाच्या पाळकसाहेबांचे उपदेश मी बहुतेक पेंगत ऐकले. पण कुणाच्या घरात ताप आहे आणि कुणाच्या घरात अबोला, हे मला पाठ असायचं.

बुधवारी संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात बायका प्रार्थनेला जमायच्या. चुलीभोवती गोल बसायच्या आणि साखळी प्रार्थना व्हायची, म्हणजे एकीचं संपलं की शेजारणीनं सुरू करायचं. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी एका दमात आई-बाबांना सुखी ठेव म्हटलं आणि सुटले एकदाची म्हणून आमेनही म्हणून टाकलं. बायका गेल्यावर भांडी घासता घासता तुम्ही मला धरलंत.

"आमेन कावून म्हन्लीस?"

"संपलं म्हनून."

"संपलं ते तुजं. आमेन तुजं न्हाई, ते मंडळीचं हाय. तू मागायचं, त्यांनी व्हय म्हनायचं. आपलीच भाजी चाखून आपुनच लई झ्याक झाली म्हनतो का आपुन?"

"आन् कुनीच न्हाई म्हन्लं तर?"

"म्हनंल की कुनीतरी. मंडळी कशाला हाय मंग?"

असा नियम दुसऱ्या कुठल्याच मंडळीत नाही हे मला फार उशिरा कळलं. पुण्याला लेकीच्या चर्चमध्ये गेले, तर जो तो आपलं आमेन आपणच म्हणून मोकळा. तो तुमचा एकटीचा हट्ट होता आणि तुम्ही तो आख्ख्या गावाच्या गळी उतरवला होता. पण त्या हट्टानंच मला घडवलं, बाई. दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणायचं तर ती नीट ऐकावी लागते. नळावर आईच्या झिंज्या धरणारी आमची शेजारीण एका बुधवारी आपल्या लेकाच्या डोळ्यासाठी रडत मागत होती. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मी ओठ घट्ट मिटून बसले. तुम्ही ते पाहिलंत. पुढच्या बुधवारी तिनं तेच मागितलं, त्याच्या पुढच्याही. आणि एका बुधवारी मी ओठ मिटायला गेले तर तोंडातून आमेन निघून गेलेलं. माझा राग कुठं गेला नव्हता, तरी त्या पोराचा डोळा बरा व्हावा असं मला खरंच वाटत होतं. देव आहे हे मला त्या दिवशी कळलं असं म्हणणार नाही. पण तो असेल तर असाच असेल, मी नको म्हणत असताना मला मऊ करणारा, असं वाटलं. तेवढ्यावर मी आजवर निभावलं आहे.

त्याच वर्षीचा नाताळ. आई-बाबा नाहीत म्हणून मी जेवत नव्हते, तर तुम्ही करंज्यांचा डबा फडक्यात बांधलात आणि मला घेऊन नेकनूरला एसटीत बसलात. गाड्या बदलत, शेवटी कारखान्याच्या ट्रकमधून आपण उसाच्या फडावर पोचतो तेव्हा उन्हं कलली आहेत. तोडणाऱ्यांच्या राहायच्या पाचटाच्या कोप्या रांगेनं उभ्या आहेत. आई मला बघून कोयता टाकते आणि जवळ घेते; तिच्या लुगड्याला गोडसर वास येतो, हातांवर चरेच चरे आहेत. बाबा आधी मुकादमाकडं बघतात आणि मग येतात. तुम्ही कोपीसमोर गोणपाट टाकून उपासना मांडता. आजूबाजूची माणसं आपल्यातली नाहीत, त्यांचे देव त्यांच्या त्यांच्या कोपीत आहेत, तरी तीही हात झटकून येऊन बसतात. तुम्ही तोडणाऱ्यांच्या हातांसाठी मागता, बैलांच्या खुरांसाठी मागता, थंडी जरा कमी कर म्हणता. आई-बाबा दमलेल्या आवाजात आमेन म्हणतात, आणि मागून एक पटकेवाला म्हातारा खणखणीत म्हणतो, "व्हय व्हय, आसंच होऊ दे बग, देवा!"

मी फिसकन हसले. तुम्ही मला डोळ्यांनी दटावलंत आणि मंडळीतल्या माणसाला म्हणावं तसं त्याला म्हणालात, "सलाम, दादा. झालं आमेन." परत येताना एसटीत मी म्हटलं, तो आपल्या मंडळीतला नव्हता. "बसलता का न्हाई आपल्यासंगं? मंग?" एवढं बोलून तुम्ही खिडकीला डोकं टेकलंत आणि झोपलात. आमेनचा अर्थ 'तसंच होऊ दे' असा आहे हे तुम्ही मला पुढं कधीतरी रविवारच्या शाळेत सांगितलंत. त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

आता बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. कोयता काही गेला नाही. माझे मालक वारले, मी घरी ब्लाउज शिवते, आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायकाही तोडीवर गेल्या आहेत. लेक फोनवर म्हणते, आई, तिथं कुणासाठी बसलीस, इकडं आमच्या चर्चला बसायला जागा मिळत नाही. आणि काल दुपारी पाळकसाहेब बीडहून मोटरसायकलवर आले. त्यांच्याकडं कितीतरी गावं आहेत, आपल्याकडं महिन्यातून एकदा येतात. तरुण आहेत, भले आहेत. कारखाने बंद होऊन लोक परत येईपर्यंत देऊळ बंद ठेवावं असं त्यांचं म्हणणं.

"मावशी, एकट्या माणसाची मंडळी होत नाही हो."

"ठावं हाय मला."

"मग लेकीकडं जाऊन या ना चार महिने."

"चावी राहू द्या माज्याकडं. मी उघडत जाईन."

त्यांनी पुष्कळ समजावलं. मी हटले नाही, तुमच्याकडूनच शिकले आहे. शेवटी त्यांनी चावी माझ्याकडंच राहू दिली. त्यांचे डोळे भरून आले होते. असा विश्वास शहरात बघायला मिळत नाही, म्हणाले. पुढच्या रविवारी उपदेशात सांगतो म्हणाले.

तुमचं बरं झालं, बाई. तुम्ही उन्हाळ्यात गेलात, टोळ्या परतल्या होत्या, तुमच्या कबरीपाशी सगळं गाव आमेन म्हणालं. मी कोणत्या महिन्यात जाईन देवाला माहीत. या हंगामातल्या माझ्या प्रार्थना गाठ न मारलेल्या दोऱ्यासारख्या सुट्या पडल्या आहेत. मी त्यांना अजून एकदाही आमेन म्हटलेलं नाही. रस्त्यावरच्या त्या शेळ्यांवाल्याला आत बोलवावं असं काल मनात आलं होतं. तुम्ही बोलावलं असतंत. माझी जीभ उचलली नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवणारं टपाल नाही, तेव्हा शिवणाच्या मशीनच्या खणात राहील. पण पाळकसाहेबांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. देऊळ मी विश्वासानं उघडं ठेवलेलं नाही. घरात माझे दिवसचे दिवस न बोलता जातात. बोलायला कुणी नाही, आणि एकटीच बोलायला लागले तर शेजारपाजारचे म्हणतील हिचं डोकं फिरलं. देवळात मात्र एकट्या बाईनं मोठ्यानं बोललं तर तिला कुणी वेडी म्हणत नाही, प्रार्थना करते म्हणतात. आठवड्यातून एकदा मला माझा आवाज ऐकू येतो. पाळकसाहेब त्याला विश्वास म्हणाले, आणि मी नाही म्हटलं नाही.